मणी सापडला, पण कुठे?

परतवाड्याच्या शेजारच्या चांदूर बाजार तालुक्यात फुपगाव नावाचे खेडे आहे. पूर्णेला मिळणारी चंद्रभागा तिथे मोठे वळण घेते आणि त्या वळणाच्या काठावर पांढरीचे, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचे, टेकाड आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१८-१९ च्या हंगामात हे टेकाड खणले, तेव्हा लोहयुगातल्या एका वस्तीचे अवशेष उघडे पडले. गोल घराची जमीन, चुली, खांब रोवल्याच्या खुणा, लोखंडाच्या आणि तांब्याच्या वस्तू, खुणा कोरलेली मडकी आणि मणी. मणी अकीक, तांबडा कार्नेलियन, जास्पर आणि गारेचे. वस्तीचा काळ इसवीसनपूर्व ७ वे ते ४ थे शतक असा ठरवण्यात आला.

विदर्भाच्या लोहयुगाची ओळख प्रामुख्याने नागपूरकडच्या दफनांतून झालेली आहे. त्या मानाने माणसे जिथे राहिली, जेवली, निजली, अशा जागा फार थोड्या हाती लागल्या आहेत. म्हणून फुपगावच्या मण्यांचे मोल आगळे आहे. ते मेलेल्याच्या गळ्यात घातलेले नाहीत, जिवंत माणसांच्या घराअंगणात पडलेले आहेत. पण हे मोल मण्यात कुठेही लिहिलेले नसते. तोच मणी कुणी पावसाळ्यानंतर टेकाडावरून उचलून खिशात टाकला असता, तर एक जुना लाल मणी यापलीकडे त्याच्याबद्दल काहीही सांगता आले नसते. मण्याचा अर्थ निम्म्याहून अधिक त्याच्या जागेत असतो, आणि जागा एकदा हलली की तो अर्थ कोणत्याही प्रयोगशाळेत परत मिळत नाही. मण्यांच्या बाबतीत पहिला प्रश्न किती जुना किंवा किती किमती असा नसावा. तो कुठे सापडला, असा असावा. वऱ्हाडाला हा आग्रह धरण्याची वेळ आलेली आहे, कारण इथली पांढरी झपाट्याने नाहीशी होत आहे.

हा आग्रह सर्वांत मोठी किंमत मोजून शिकलेला देश म्हणजे इजिप्त.

मणी आणि ताईत यांचा इजिप्तइतका साठा जगात दुसरीकडे क्वचितच निघाला असेल. गारेची पूड, चुना आणि क्षार एकत्र भाजून त्यावर निळीहिरवी चकाकी आणलेले फायन्सचे मणी तिथे लाखांनी घडले. होरसचा डोळा, शेणकिड्याच्या आकाराचा स्कॅरब, इसिसची गाठ, ओसायरिसचा कणा मानला जाणारा जेद स्तंभ, असे ताईत जिवंतपणी अंगावर असत आणि मेल्यावर ममीच्या पट्ट्यांत गुंडाळले जात. त्यांच्या जागाही ठरलेल्या होत्या. मृतांच्या ग्रंथातल्या एका मंत्रात इसिसची गाठ तांबड्या जास्परची करून मृताच्या गळ्याशी ठेवायला सांगितले आहे. हृदयाचा स्कॅरब छातीवर येई आणि त्यावर कोरलेला मंत्र हृदयालाच विनवणी करी, की न्यायाच्या वेळी माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. दगड, रंग, आकार आणि अंगावरची जागा या चारही गोष्टी जुळल्या की ताईत पुरा होत असे. त्यातली जागा वगळली, तर उरतो तो शोभेचा खडा.

आणि १९ व्या शतकात जागाच वगळली गेली. थडगी फोडून काढलेले मणी कैरो आणि लक्झरच्या बाजारात ओंजळीने विकले जात. ममीवरच्या मण्यांच्या जाळ्या सुट्या करून त्यांच्या नव्या माळा ओवल्या जात आणि युरोपातून आलेले प्रवासी त्या हौसेने घेऊन जात. एकाच माळेत हजार-हजार वर्षांच्या अंतराने घडलेले मणी शेजारी बसत. आज जगभरच्या संग्रहालयांत आणि घराघरांत अशा माळा आहेत. प्रत्येक मणी अस्सल, पण माळ बनावट. ती कुणी घातली, बाईने की पुरुषाने, लहान मुलाने की म्हाताऱ्याने, हे त्या माळेला कितीही विचारले तरी कळणार नाही.

याच्या उलट टोकाला पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीचे काम आहे. हवारा येथील एका ममीवरचे ताईत त्याने कोणता कुठे होता याची नोंद करत काढले, आणि १९१४ साली प्रसिद्ध केलेल्या ताइतांवरच्या पुस्तकात ममींवरच्या मांडणीचे आराखडेच छापले. १९२२ मध्ये तुतनखामेनचे थडगे उघडले, तेव्हा हॉवर्ड कार्टर आणि आर्थर मेस यांच्यापुढे हाच पेच होता. दोरा कुजून गेलेला, पण मणी अजून आपापल्या क्रमाने पडलेले. फुंकर लागली तरी क्रम मोडेल अशी अवस्था. त्यांनी वितळवलेले मेण ओतून मणी जागच्या जागी धरून ठेवले, छायाचित्रे घेतली, टिपणे केली आणि मग ते उचलले. सोन्याने भरलेल्या त्या खोल्यांत मातीमोलाच्या मण्यांसाठी दिवसचे दिवस घालवणाऱ्या या माणसांनी सोन्याइतकीच किंमत क्रमाला दिली होती.

नोंदीचे फळ कधी लगेच मिळते, कधी शतकाने. कैरोच्या दक्षिणेला गेर्झे येथील दफनांत १९११ साली लोखंडाचे ९ मणी निघाले. गंजलेले, काळपट, नळीच्या आकाराचे. त्यांच्याच सोबत सोने, लाजवर्द आणि कार्नेलियनचे मणी होते. दफनांचा काळ इसवीसनपूर्व ३२०० च्या आसपासचा. त्या काळी खनिजातून लोखंड गाळण्याची कला इजिप्तला ठाऊक नव्हती. मग हे लोखंड आले कुठून? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीने उत्तर पक्के केले. ते अशनीचे, म्हणजे आकाशातून पडलेले लोखंड होते. ठोकून पातळ पत्रा करायचा आणि तो गुंडाळून नळी करायची, अशा रीतीने ते मणी घडवलेले होते. हे मणी थडग्याच्या नोंदीविना बाजारात आले असते, तर त्या गंजक्या तुकड्यांकडे कुणी वळूनही पाहिले नसते. तपासणीने धातू सांगितला, पण त्याचा काळ सांगितला तो जागेने.

महाराष्ट्रातही अशी उदाहरणे आहेत, आणि ती इजिप्तहून कमी विस्मयाची नाहीत.

प्रवरेकाठच्या नेवासे येथे हसमुख सांकलिया यांच्या पथकाने १९५० च्या दशकात उत्खनन केले. ताम्रपाषाण युगातल्या एका लहान मुलाच्या दफनात गळ्याशी तांब्याच्या मण्यांची माळ होती. जमिनीत दोरा टिकत नाही. पण तांबे गंजताना त्याचे क्षार शेजारच्या धाग्यात मुरतात आणि धागा कुजायचा थांबतो. मण्यांच्या भोकांत अडकलेले धाग्याचे ते कण मुंबईच्या कापूस प्रयोगशाळेत ए. एन. गुलाटी यांनी तपासले, तेव्हा त्यांत कापूस आणि रेशीम ओळखू आले. पुणे जिल्ह्यातल्या चांडोलीच्या तांब्याच्या मण्यांत जवसाचा धागा मिळाला. दख्खनमध्ये तीन हजार वर्षांपूर्वी कोणते धागे कातले जात होते, याचा पुरावा कापडात सापडला नाही, मण्याच्या पोटात सापडला. कापसावर जगणाऱ्या वऱ्हाडाने ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. कुण्या हौशी माणसाच्या हाती तीच माळ लागती, तर त्याने चिंचेने घासून ती लख्ख केली असती आणि धागा नळाच्या पाण्याबरोबर वाहून गेला असता.

नागपूरजवळच्या माहुरझरीचे महत्त्व आणखी वेगळे. तिथल्या शिळावर्तुळांचे उत्खनन १९७० ते १९७२ या काळात शां. भा. देव यांनी केले. माणसांसोबत पुरलेले घोडे, त्यांच्या तोंडावरचे तांब्याचे साज, सोन्याचे दागिने आणि मणी त्यांत निघाले. पुढे डेक्कन कॉलेजच्या आर. के. मोहंती यांनी तिथल्या वस्तीकडे लक्ष दिले आणि माहुरझरी हे मणी घडवण्याचे मोठे केंद्र असल्याचे चित्र स्पष्ट झाले. हे कळले ते सुंदर मण्यांवरून नव्हे, बिघडलेल्या मण्यांवरून. दगडाचे टवके, अर्धवट घासलेले तुकडे, भोक पाडताना फुटलेले मणी हाच कारखान्याचा पुरावा. मणी जमवणारा छंदिष्ट नेमका हाच कचरा सोडून देतो.

अशा एका मण्याकडे जवळून पाहण्यासारखे असते. काळ्या खडकात, म्हणजे बेसाल्टमध्ये, लाव्हा थंड होताना राहिलेल्या पोकळ्यांत सिलिका साचून अकीक तयार होतो. खडक झिजला की या गाठी सुट्या होऊन नदीच्या पात्रात येतात. त्यातला करडा-पिवळट दगड मंद आचेवर तापवला की त्यातल्या लोहाचा रंग बदलून तो तांबडा होतो. मग ठोकून ओबडधोबड आकार द्यायचा, घासायचा आणि भोक पाडायचे. भोक दोन्ही टोकांकडून पाडतात, कारण एकाच बाजूने रेटले तर दुसऱ्या तोंडाशी टवका उडतो. दोन्ही वाटा मध्यावर भेटतात, पण नेमक्या क्वचितच. उजेडासमोर मणी धरला की भोकाच्या मध्यावर बारीकशी पायरी दिसते. कारागिराचा हात त्या दिवशी किती तिरपा गेला ते अडीच हजार वर्षांनंतर मोजता येते. गुजरातमधल्या खंभातला अकीकाचा कारागीर आजही दोन्ही बाजूंनी भोक पाडतो, हिऱ्याच्या कणांनी. त्याच्याकडून शिकल्यामुळेच जुन्या मण्यांवरच्या खुणा अभ्यासकांना वाचता आल्या.

मण्यांच्या अभ्यासात मराठी माणसाचे काम आहे हे वऱ्हाडात फारसे माहीत नाही. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९४९ मध्ये भारतातल्या नक्षी उमटवलेल्या मण्यांवर पुस्तक लिहिले. तांबड्या दगडावर क्षाराने पांढरी नक्षी काढून ती भाजून पक्की केलेले हे मणी. भारतीय काचेचा इतिहासही त्यांनीच १९६९ मध्ये लिहिला. त्याच दीक्षितांनी अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठी कौंडण्यपूरचे उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९६८ मध्ये निघाला. लोक कौंडण्यपूरला रुक्मिणीचे माहेर म्हणून जातात. मण्यांचा भारतातला एक मोठा जाणकार तिथल्या मातीत बसून काम करून गेला, हीसुद्धा त्या गावाची ओळख व्हायला हवी.

इजिप्तचा आणि महाराष्ट्राचा संबंध केवळ तुलनेपुरता नाही. इसवीसनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्याचे नाव कळत नाही, पण पेरिप्लस या नावाने ती वही आजवर टिकली आहे. त्यात पैठण आणि तेर ही नावे आहेत. पैठणहून ऑनिक्स जातीचा दगड पुष्कळ प्रमाणात, गाड्यांत भरून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला येतो, असे तो लिहितो. इजिप्तच्या बेरेनिके बंदराचे उत्खनन १९९४ मध्ये सुरू झाले. तिथे भारतातले मिरे मिळाले, सागवान मिळाले, भारतीय घडणीचे मणी मिळाले आणि २०२२ मध्ये बुद्धाची मूर्तीही मिळाली.

इथे मोह होतो, की विदर्भातला मणी इजिप्तच्या कुण्या बाईच्या गळ्यात होता असे म्हणून टाकावे. तसे म्हणायला मणी दोन्ही टोकांना ठावठिकाण्यासह मिळावा लागतो. इकडे कारखान्यातला टवका कोणत्या थरात होता ते हवे आणि तिकडे बंदरातला मणी कोणत्या थरात होता ते हवे. दोन्हींची नोंद असेल तर दगडाच्या रासायनिक तपासणीतून नाते शोधता येते. एका टोकाची नोंद हरवली, की उरते ती गावगप्प.

तेर आणि भोकरदन यांची उदाहरणे शेजारी ठेवली, म्हणजे हा फरक स्वच्छ दिसतो. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या टेकाडांवरून रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वस्तू वेचल्या. मणी, मातीच्या मूर्ती, हस्तिदंताची सुबक स्त्रीमूर्ती. त्यांच्या संग्रहातून तिथले सरकारी वस्तुसंग्रहालय उभे राहिले. ते नसते तर यातले बहुतेक काही विकले गेले असते किंवा मातीत मिसळले असते, म्हणून महाराष्ट्राने त्यांचे ऋणी राहावे. पण ती हस्तिदंती मूर्ती कोणत्या थरातली, हे सांगता येत नाही. तिचा काळ घडणीवरून ठरवावा लागतो. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही त्याच धर्तीची हस्तिदंती मूर्ती मिळाली, भंगलेली. ती शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या १९७३ च्या उत्खननात मिळाली, म्हणून तिच्यासोबत तिचा थर आला, सोबतची मडकी आली, मणी आले. इटलीतल्या पाँपेईला १९३८ मध्ये मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी ताडून पाहताना तेरची मूर्ती डोळ्यात भरते, पण पुरावा म्हणून भोकरदनची भंगलेली मूर्ती जास्त भक्कमपणे उभी राहते.

जागेचा आग्रह आणखी एका कारणासाठी हवा. मणी पाहिला की आपले मन लगेच ओळखीचे काही शोधू लागते. वऱ्हाडात बाळाच्या मनगटात काळे मणी बांधतात, गळ्यात ताईत घालतात, बायकांच्या गरसोळीत काळी पोत असते, परतवाड्याच्या बाजारात मेळघाटातून उतरलेल्या कोरकू बायका रंगीत मण्यांचे सर निवडताना दिसतात. इजिप्तमधल्या पोराच्या गळ्यातला होरसचा डोळा पाहिला की दृष्ट काढणारी आजी आठवते आणि माणूस इथूनतिथून सारखाच, असे वाटते. वाटण्यात चूक काही नाही, पण तेवढ्याने सिद्ध काहीच होत नाही. कवडीचेच घ्या. तुळजाभवानीचे भुत्ये कवड्यांची माळ गळ्यात घालतात. इजिप्तमध्ये लाहून येथे १९१४ साली सिथाथोरयुनेत या राजकन्येचे दागिने मिळाले, त्यांत सोन्याच्या कवड्यांचा पट्टा आहे. तो कमरेचा. तिथे कमरेवरची कवडी बाईच्या जननशक्तीच्या रक्षणाशी जोडली जाते, इथे गळ्यातली कवडी देवीच्या सेवेची खूण आहे. आकार एकच, पण अंगावरची जागा निराळी आणि अर्थही निराळा. फुपगावचा तांबडा मणी दागिना होता की तोडगा, हे आजच्या चालीरीतींवरून सांगू जाणे म्हणजे त्या लोकांच्या तोंडी आपले शब्द घालणे होईल.

यावर वऱ्हाडातला शेतकरी रास्त प्रश्न विचारेल. पांढरीची माती पिढ्यान्‌पिढ्या घरे सारवायला, धाब्यावर टाकायला, शेतात घालायला नेली जाते. आता तर जेसीबी आणि ट्रॅक्टर आहेत. पूर येतो तो काठ कापून नेतो. फुपगावचे टेकाडही नदी कातरत आली आहे. मग नदी नेणारच आहे तो मणी माणसाने उचलला तर बिघडले काय? आणि कळवले तर जमीन अडकेल, कोर्टकचेरी मागे लागेल, ही भीती आहेच.

ही भीती खोटी म्हणून झटकता येणार नाही, कारण कायद्याची मांडणीच तिला खतपाणी घालते. भूमिगत निधीचा कायदा १८७८ चा आहे. जमिनीत १० रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला, तर कळवायचे कलेक्टरला. मालक न मिळाल्यास आणि आपसात काही ठरलेले नसल्यास तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक हिस्सा जमीनमालकाचा. सरकारला ठेवा घ्यायचा झाला, तर त्यातल्या मालाची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा. हा सगळा हिशेब सोन्याच्या हंड्याचा आहे. अकीकाच्या फुटक्या मण्यात माल किती, तर कवडीचा. कायदा वजन करतो आणि इतिहासाला जागा हवी असते. या दोहोंच्या फटीतून मणी निसटतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तू परदेशी नेण्यावर बंदी घातली, व्यापारावर परवान्याची अट घातली. ते आवश्यकच होते. पण जागा जपणाऱ्या माणसाला शाबासकी देणारे कलम त्यातही नाही.

म्हणून उपाय दंडापासून सुरू करून चालणार नाही. तो नोंदीपासून सुरू व्हावा. आज प्रत्येक शेतकऱ्याच्या खिशात मोबाइल आहे, त्याच्या छायाचित्रात अक्षांश-रेखांश येऊ शकतात. मणी दिसला की तो न उचलता, शेजारी नाणे ठेवून, त्याचे छायाचित्र घ्यायचे. उचलावाच लागला तर धुवायचा नाही, मातीसकट कागदात ठेवायचा, वर गट नंबर आणि तारीख लिहायची. ही गोष्ट तलाठ्याला, शाळेच्या गुरुजींना आणि गावातल्या पोरांना एका दुपारी शिकवता येईल. जिल्हा परिषदेच्या शाळेत एक वही ठेवली, तरी पांढरीच्या कोणत्या अंगाला काय निघते याचा नकाशा काही वर्षांत तयार होईल. वस्तू गावाने ठेवून घ्यायची नाही, पण शोधणाऱ्याचे नाव वस्तूसोबत कायम राहिले पाहिजे.

घाई कशासाठी, ते पूर्णेच्या खोऱ्याकडे पाहिले की कळते. बुलढाणा जिल्ह्यात पूर्णेकाठी भोन येथे डेक्कन कॉलेजच्या भा. चं. देवतारे यांनी विटांचा बौद्ध स्तूप आणि प्राचीन नगराचे अवशेष उघड केले. ती जागा जिगाव प्रकल्पाच्या पाण्याखाली जाण्याच्या धोक्यात आहे. चांदूर बाजार तालुक्यातच तुळजापूर गढीला ब. प्र. बोपर्डीकर यांनी १९८४-८५ मध्ये ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांची वस्ती शोधली. म्हणजे एकाच तालुक्यात आधी ताम्रपाषाणी आणि नंतर लोहयुगीन, अशा दोन काळांच्या वस्त्या. मधल्या शतकांत काय घडले, लोक तेच की नवे, दगड इथल्या नदीचा की माहुरझरीच्या कारखान्यातून आलेला, हे प्रश्न आज विचारता येतात ते त्या दोन जागा नोंदल्या गेल्या म्हणूनच. खोऱ्यातल्या न खणलेल्या टेकाडांत उरलेली उत्तरे आहेत.

अचलपूर आणि परतवाडा ही जुळी गावे या कामाचे ठाणे होऊ शकतात. अचलपूरजवळच्या चम्मक इथे वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट निघाला. मधुनदीच्या काठचे चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दिल्याचा तो लेख. गावाचे नाव, नदीचे नाव, जमिनीचे माप, सगळे त्यात आहे. त्या भूमीच्या राज्यकर्त्यांनी जागेची नोंद धातूवर कोरून ठेवली होती. इथे एक लहानसे तालुका संग्रहालय निघावे. त्यात फुपगाव, तुळजापूर गढी, कौंडण्यपूर आणि माहुरझरीच्या मण्यांची छायाचित्रे, प्रत्येकाच्या शेजारी थराचा नकाशा, अर्धवट फुटलेले मणीसुद्धा, आणि माहिती मराठीत असावी. उत्खननाचे अहवाल इंग्रजीत पडून राहतात आणि ज्यांच्या बांधावर ही टेकाडे आहेत त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. पूर्णा खोऱ्यातल्या मण्यांची सचित्र मराठी सूची हे त्यातले पहिले काम. डेक्कन कॉलेज, नागपूर आणि अमरावतीची विद्यापीठे आणि पुरातत्त्व सर्वेक्षणाचे नागपूर मंडळ यांनी ते हाती घ्यावे. आणि पुढच्या पावसाळ्याआधी फुपगावच्या कापल्या जाणाऱ्या काठाला दगडी पिचिंग घालण्याचा प्रस्ताव जिल्हा नियोजन समितीपुढे मांडावा.